गुग्गुळ आणि एक 'अनाथ' प्रथिन

पेशींतील ज्या ग्राही प्रथिनास कोणते द्रव्य चेतविते हेच ठाऊक नसते, त्यास शास्त्रज्ञ 'अनाथ' म्हणतात. मानवी जनुकांच्या वाचनातून अशी अनेक प्रथिने उजेडात आली. आधी प्रथिन, मग त्याला अनुरूप द्रव्य आणि अखेरीस रुग्ण, या क्रमास औषधउद्योगात 'रिव्हर्स फार्माकॉलॉजी' म्हणतात. जुहूच्या स्वामी प्रकाशानंद आयुर्वेद संशोधन केंद्राशी निगडित डॉ. अशोक वैद्य यांनी हाच शब्द नेमक्या उलट अर्थाने रूढ केला. त्यांच्या मते आधी रुग्णानुभव, नंतर प्रयोगशाळा. आम्हांस हाच क्रम अधिक जवळचा वाटतो.

गुग्गुळाच्या बाबतीत या दोन्ही वाटा एकत्र येतात. सुश्रुतोक्त मेदोरोगाचा आधार घेऊन डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात 1966 मध्ये गुग्गुळावर प्रबंध सादर केला. 'एफएक्सआर' हे अनाथ ग्राही 1995 मध्ये सापडले. पित्ताम्ले त्यास चेतवितात हे 1999 मध्ये कळले आणि गुग्गुळातील गुग्गुलस्टेरोन त्यास अटकाव करते, हे 2002 मध्ये. औषधाच्या अभ्यासानंतर 36 वर्षांनी त्याचे कार्यस्थान हाती आले!

मात्र 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील 103 रुग्णांच्या चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने एलडीएल कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी किंचित वाढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले. तेथे रुग्णनिवड प्रकृतीवरून नव्हे, कोलेस्टेरॉलच्या पातळीवरून झाली होती, हा वैद्यांचा आक्षेप रास्तच आहे. तथापि प्रकृतिविचार करून घेतलेली तशी चाचणी आपण पुढे ठेवीपर्यंत औषधनिर्मात्यांनी वेष्टनावर 'एफएक्सआर'चे नाव छापणे आम्हांस उचित वाटत नाही.