पाच तारकांची साक्ष

माठ घ्यावयाचा तर आपण तो बोटाने वाजवून पाहतो. नारळ कानाशी धरून हलवतो. घोंगडी घेताना तिची वीण चिमटीत धरून चोळतो. बाजाराची ही विद्या आपल्याला आयाबायांनी शिकविली; परंतु मोबाईलचा चार्जर, त्याची केबल, खिशात बाळगावयाची पॉवर बँक यांच्यापुढे ती थिटी पडते. केबल वाजवून काय कळणार? तिचे जे काही बरेवाईट आहे ते आवरणाच्या आत. म्हणून आपण परक्याच्या शब्दावर विसंबतो. पूर्वी तो शब्द दुकानदाराचा असे. आता ऑनलाइन खरेदी करताना अनोळखी गिऱ्हाइकांनी दिलेल्या तारका आपण मोजतो. हजारो लोकांनी मिळून सरासरी साडेचार तारका दिल्या, त्या अर्थी वस्तू पैशाला महाग नसणार, असा आपला हिशेब. हा हिशेब कोठे चुकतो, ते पाहण्यासारखे आहे.

त्यासाठी एक घडलेली हकीकत सांगतो. २०१५ साली टाइप-सी नावाचे नवे टोक असलेली उपकरणे बाजारात येऊ लागली. त्यांच्या केबलींचे एक टोक नवे आणि दुसरे जुने, चपटे, अशा जोडकेबली अमेरिकेत ॲमेझॉनवर स्वस्तात मिळू लागल्या. बेन्सन लेउंग हा गुगलमधील अभियंता. त्याने या केबली एकामागून एक विकत घेऊन तपासण्यास आरंभ केला आणि आपले मत त्याच ठिकाणी, इतर गिऱ्हाइकांच्या रांगेत बसून, लिहिले. त्यांतील कित्येक केबली सदोष निघाल्या.

दोष कोणता, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण सगळी मेख तेथेच आहे. नव्या पद्धतीत, आपण किती विद्युत्प्रवाह ओढावा हे मोबाईल आधी विचारून घेतो. परंतु जुन्या टोकाच्या चार्जरला ही नवी भाषा येत नाही. म्हणून त्याच्या वतीने केबलच उत्तर देते. तिच्यात एक चिमुकला रोधक बसविलेला असतो. तो ५६ किलो-ओहमचा असावा, असा नियम आहे. त्याचा अर्थ, ‘बाबा रे, येथे साधाच प्रवाह आहे, बेताने घे.’ सदोष केबलींत मात्र १० किलो-ओहमचा रोधक होता. त्याचा अर्थ होतो, ‘तीन अँपिअर आहेत, खुशाल ओढ.’ मोबाईल बिचारा विश्वास ठेवतो आणि ओढतो. पलीकडे जुना चार्जर किंवा संगणक असतो. तेवढा भार त्याच्या कुवतीबाहेरचा असेल, तर तो तापतो, आणि संरक्षणाची सोय नीट नसेल तर बिघडतो.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहा. नवी केबल लावली आणि मोबाईल नेहमीपेक्षा लवकर भरला! तो आनंदाने लिहितो, ‘उत्तम केबल, झपाट्याने काम करते, पैसे वसूल.’ पाच तारका. हे मत खोटे नाही, विकतचेही नाही. त्याने पाहिले तेच लिहिले. फक्त जो दोष होता तोच त्याला गुण म्हणून दिसला. अशी हजार प्रामाणिक मते एकत्र केली तरी तो रोधक बदलत नाही. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही हे खरे. पण येथे कांकण हातात नसून पोटात आहे.

लेउंगला याची किंमत मोजावी लागली. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने तपासलेल्या एका केबलीत वीज नेणारी तार आणि परतीची तार यांची चक्क अदलाबदल झालेली होती. ती लावताच त्याचा लॅपटॉप निकामी झाला आणि तपासणीची साधनेही गेली. पुढे मार्चमध्ये, प्रमाणात न बसणाऱ्या अशा केबली विकण्यास ॲमेझॉनने बंदी घातली. जाणत्या माणसाने मोजमाप घेऊन दिलेले मत, हजारांच्या सरासरीला असे पुरून उरले.

याची उलट बाजूही आहे. पॉवर बँकेवर १०,००० मिलिअँपिअर-तास असा आकडा असतो. मोबाईलच्या बॅटरीवर ५,०००. गिऱ्हाईक भागाकार करते: दोन वेळा भरला पाहिजे. प्रत्यक्षात जेमतेम दीड-पावणेदोन वेळा भरतो, आणि खाली ‘फसवणूक!’ असे मत पडते. वस्तुतः तो आकडा आतल्या घटाचा, सुमारे ३.७ व्होल्टवरचा. बाहेर वीज ५ व्होल्टने द्यावी लागते, म्हणजे ७,४०० च उरले. दाब बदलताना आणि मोबाईलमध्ये शिरताना उष्णतेत काही जाते ते निराळेच. यात लबाडी नाही, पदार्थविज्ञान आहे. मात्र मोठा आकडा ठळक आणि खरा उपयोगाचा आकडा मुंगीच्या अक्षरात छापणाऱ्याला अगदीच निर्दोष सोडावे, असे मला वाटत नाही.

मग मते वाचूच नयेत की काय? अवश्य वाचावीत, पण साक्षीदाराची उलटतपासणी करतात तशी. हा किती दिवस वापरून बोलतो आहे? दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या मताला, वस्तू फोडलेल्या खोक्यातून नीट निघाली, याहून अधिक ठाऊक नसते. लिथियमची बॅटरी तर काही शे वेळा भरून रिकामी झाल्यावर आपली खरी जात दाखविते. तेव्हा सहा-आठ महिन्यांनी लिहिलेली तीन तारकांची कुरकुर मला पाच तारकांच्या स्तुतीहून मोलाची वाटते. दीडशेची केबल स्वस्त की चारशेची, हे ती किती महिने टिकली यावरून ठरते. आणि तिच्या पलीकडे वीस हजारांचा मोबाईल लटकलेला असतो, हेही हिशेबात धरावयास हवे.

विकत घेतलेल्या मतांचा प्रश्न वेगळा. विक्रेत्याने गिऱ्हाईक असल्याचे सोंग घेऊन मत लिहू नये, असे आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत म्हटले आहे. २०२२ साली भारतीय मानक ब्यूरोने अशा मतांसाठी आयएस १९००० हे स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. मत देणारा खरोखर कोणी आहे की नाही, याची खातरजमा करण्याचे मार्ग त्यात सांगितले आहेत. पण प्रसिद्ध झाले तेव्हा ते पाळणे ऐच्छिक होते.

माझीही एक केबल सातव्या महिन्यात टोकाशी काळी पडली. भाचीची परीक्षा दुसऱ्या दिवशी, प्रवेशपत्र मोबाईलमध्ये, आणि मोबाईल बंद! शेजाऱ्यांच्या चार्जरवर रात्र निभावली. परीक्षा पार पडल्यावर मी सात महिन्यांचे मत लिहावे म्हणून तिचे विक्रीचे पान शोधू लागलो. ते पान नाहीसे झाले होते. तीच केबल, तेच लाल टोक, निराळ्या नावाने दुसऱ्या पानावर होती. खाली अकरा मते, सगळी त्याच आठवड्यातली, आणि सगळ्यांच्या पाच-पाच तारका.