अश्वशक्ति कोणत्या अश्वाची?

एकाच शब्दाचे दोन-तीन अर्थ काव्यांत आढळले, तर त्यास आपण श्लेष म्हणतों व त्यांत आनंद मानतों. परंतु तोच प्रकार बाजारांत आढळला, तर गृहस्थाची झोप उडते. ‘अश्वशक्ति’ हा शब्द या दुसऱ्या जातीचा आहे.

परभणी जिल्ह्यांतील जिंतूर तालुक्यांत शेती करणारा आमचा एक जुना विद्यार्थी मध्यंतरीं भेटावयास आला होता. त्यानें विहिरीवर साडेसात अश्वशक्तीचा विजेचा पंप बसविला होता. मोटारीच्या पट्टीवर मात्र ५.५ किलोवॅट असा आंकडा होता. शाळेंत शिकलेल्या ७४६ वॅटनीं त्यास भागून पाहतां उत्तर ७.३७ आलें. इकडे शेजारी सांगे, ‘तुझा पंप तारेंतून नऊ अश्वशक्ति ओढतो.’ राज्य शासनानें २०२४ सालीं मोफत विजेची जी योजना जाहीर केली, ती साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठीं. तेव्हां त्यानें विचारलें, ‘गुरुजी, दुकानदारानें मला कमी दिलें, कीं माझा पंप मर्यादेबाहेर गेला?’ एकाच पंपाविषयीं कमी आणि जास्त अशीं दोन्ही भयें! त्यांचें निरसन करितांना आम्हीं जो हिशेब मांडला, तो येथें वाचकांपुढें ठेवितों.

या मापाचें मूळ अर्थातच घोड्यांत आहे. स्कॉटलंडच्या जेम्स वॅट यास आपलें वाफेचें यंत्र खाणवाल्यांस व कारखानदारांस विकावयाचें होतें. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न हाच, कीं हें यंत्र किती घोड्यांचें काम करील? म्हणून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यानें घोड्याच्या कामाचा अंदाज बांधला आणि एका मिनिटांत ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणें म्हणजे एका घोड्याचें काम, असें ठरविलें. हीच यांत्रिक अश्वशक्ति. पुढें १८८२ सालीं विल्यम सीमेन्स यांच्या सूचनेवरून विजेच्या शक्तीच्या मापास याच वॅटचें नांव मिळालें. या नव्या मापानें यांत्रिक अश्वशक्ति ७४५.७ वॅट भरते. विजेच्या यंत्रांसाठीं सोयीचा पूर्णांक म्हणून ७४६ वॅट धरतात. ती विजेची अश्वशक्ति. युरोप खंडांत मात्र सेकंदाला ७५ किलोग्रॅम वजन एक मीटर उचलणें हें माप रूढ झालें. ती मेट्रिक अश्वशक्ति, सुमारें ७३५.५ वॅटची.

हें काम केवढें, तें आपल्याकडील मोटेवरून ताडून पाहावें. समजा, दीडशें लिटर पाण्याची मोट दहा मीटर खोल विहिरींतून मिनिटास एकदां वर येते. हें काम मेट्रिक अश्वशक्तीच्या एकतृतीयांश भरतें. म्हणजे साडेसात अश्वशक्ति या अशा बावीस-तेवीस मोटांच्या बरोबरीच्या होत.

आतां तीन घोड्यांतील अंतर पाहूं. जिंतूर तालुक्यांतच येलदरी येथें पूर्णा नदीवर धरण आहे व तेथील जलविद्युत्केंद्राची क्षमता २२.५ मेगावॅट आहे. विजेच्या मापानें या ३०,१६१ अश्वशक्ति झाल्या, यांत्रिक मापानें ३०,१७३. तीस हजारांत फरक केवळ बाराचा! मेट्रिक मापानें मात्र त्याच ३०,५९१ होतात, म्हणजे विजेच्या मापापेक्षां सुमारें ४३० अधिक. तात्पर्य, पहिल्या दोन अश्वांमधील भेद शेतकऱ्यानें मनावर घेऊं नये. तिसऱ्याची ओळख मात्र ठेवावी. आमच्या विद्यार्थ्याचे ५.५ किलोवॅट ७३५.५ वॅटनीं भागले असतां ७.४८ येतात, म्हणजे जवळजवळ साडेसात. ७४६ चा हिशेब धरला तरी उणीव ९५ वॅटची, शेंकडा दोनांहूनही कमी. पहिलें भय तेथेंच मिटलें.

दुसऱ्या भयाचें मूळ निराळें आहे. मोटारीच्या पट्टीवरील आंकडा तारेंतून घेतलेल्या विजेचा नसून, मोटार आपल्या शाफ्टवर जें काम देते त्याचा असतो. वीज घेतली तेवढी सगळी कामीं येत नाहीं. कांहीं उष्णतेंत जाते, कांहीं घर्षणांत. शंभर घेऊन ऐंशी परत देणारी मोटार धरली, तर ५.५ किलोवॅट देण्यासाठीं ती ६.८७५ किलोवॅट घेईल, आणि त्या विजेच्या मापानें सव्वानऊच्या आसपास अश्वशक्ति होतील. शेजाऱ्याचा आंकडा खोटा नव्हता. त्यानें तो दाराच्या दुसऱ्या बाजूस उभें राहून मोजला होता, इतकेंच. पंप साडेसातचाच. मात्र मीटर मोजतें तें घेतलेल्या विजेचें माप. ही मोटार आठ तास चालली, तर ४४ नव्हे, ५५ युनिट होतील. मधल्या ११ युनिटांचें पाणी कोणत्याही पिकास मिळत नाहीं. म्हणून मोटार घेतांना अश्वशक्तीइतकीच तिची कार्यक्षमता विचारावी, हें आम्हीं त्यास बजाविलें.

हाच नियम गृहिणींच्याही उपयोगाचा आहे. गच्चीवरील टाकींत पाणी चढविणारी एक अश्वशक्तीची मोटार शंभरांत पंचाहत्तर परत देणारी असेल, तर ती पूर्ण भारानें एक तास चालली असतां जवळजवळ एक युनिट वीज खाते. टाकी भरून वाहूं लागल्यावरही खटका बंद करावयाचा राहिला, तर किती गेलें, हें मग बोटांवर मोजतां येतें.

आमच्या विद्यार्थ्यानें हे आंकडे विजेच्या बिलाच्या मागें उतरून घेतले आणि बिलावरील मंजूर भाराचा आंकडा आमच्यासमोर पुन्हां एकदां वाचला. तेथें ७.५ हेंच होतें. आंकडा कानीं पडतांच भिण्यापेक्षां, तो कोणत्या मापाचा व कोठें मोजलेला, हें आधीं विचारावें. निम्मी चिंता तेवढ्यानेंच उतरते.