शौचकूप आणि पाण्याचा हिशेब

घरांतील पाणी कोठें खर्च होतें असें विचारिलें, तर बहुतेक गृहस्थ स्नान, धुणें व भांडीं यांचीं नांवें घेतात. संडासांतील टांकीचें नांव क्वचितच निघतें. वस्तुतः भारतीय मानकांनीं शहरवासीयासाठीं धरलेल्या दररोजच्या १३५ लिटरांपैकीं ४५ लिटर, म्हणजे तिसरा हिस्सा, केवळ शौचकूप धुण्याकरितां आहे. बहुतेक घरांत तें पाणीहि पिण्याच्या पाण्याइतकेंच शुद्ध केलेलें असतें.

जुन्या टांक्या एका वेळीं १० ते १२ लिटर पाणी सोडतात. चार माणसांच्या घरांत दिवसांतून २० वेळां टांकी सोडली, तर १० लिटरांच्या हिशेबानें २०० लिटर पाणी जातें. नव्या दोन कळांच्या टांकींत मोठी कळ ६ व लहान कळ ३ लिटर पाणी सोडते. चार वेळां मोठी व सोळा वेळां लहान कळ दाबली, तर खर्च ७२ लिटर होतो. दररोज १२८ लिटर वांचतात. ही योजना १९८० च्या सुमारास ऑस्ट्रेलियांत प्रचारांत आली. अवर्षणाशीं सतत गांठ असलेल्या देशांत तसें व्हावें, हें स्वाभाविकच होय.

मग जुन्या टांकींत वीट ठेविली तर काम भागणार नाहीं काय? बहुधा नाहीं. भांड्याचा उतार, कडेखालचीं छिद्रें व खालचा वळणदार नळ हीं सर्व ठराविक लोंढ्यासाठीं घडविलेलीं असतात. पाणी कमी पडलें कीं मळ अडतो, टांकी दुसऱ्यांदा सोडावी लागते आणि बचत तेथेंच संपते. अमेरिकेंत १९९४ पासून घरगुती शौचकुपांस ६ लिटरांचा नियम लागला, तेव्हां आरंभींच्या कित्येक भांड्यांवर हाच आक्षेप आला. पुढें २००३ मध्यें सोयाबीनच्या लगद्यानें भांडीं तपासण्याची पद्धत तेथें निघाली व रचना सुधारत गेली. म्हणून टांकी व भांडें एकमेकांस जुळणारीं घेऊन जोडीनेंच बदलावीं.

हें काम शहराच्या पातळीवर झाल्यास काय साधतें, तें न्यूयॉर्कनें दाखविलें. १९९४ ते १९९७ या काळांत तेथील नगरपालिकेनें घरमालकांस अनुदान देऊन सुमारें १३ लाख जुने शौचकूप बदलविले. त्यामुळें दररोज अंदाजें २६ कोटि लिटरांहून अधिक पाणी वांचूं लागलें.

नवें भांडें लगेच घेणें ज्यांना शक्य नाहीं, त्यांनीं निदान गळती तपासावी. टांकींत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास ती सोडूं नये. भांड्यांत रंग उतरला, तर आंतील रबरी पडदा झिजला आहे असें समजावें. तो अल्प खर्चांत बदलतां येतो.

मुंबईस पाणी पुरविणारे भातसा व तानसा हे जलाशय शहापूर तालुक्यांत आहेत. त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. शहरांतील टांकी बदलल्यानें तें पाणी आपोआप पाड्यावर जाणार नाहीं, हें खरें. परंतु शहराची मागणी वाढतच राहिली, तर नव्या धरणांसाठीं दृष्टि पुन्हां त्याच डोंगराळ मुलखाकडे वळते. तेथील बाई डोक्यावरून जो एक हंडा आणते, जवळजवळ तितकेंच पाणी शहरांतील जुनी टांकी एका वेळेस सोडून देते.