बर्फाची आवक, बर्फाचा सांडवा

बंगळुरूत हेब्बाळच्या उड्डाणपुलावर गाड्या अडकल्या की खालच्या तळ्याकडे बघायला वेळच वेळ मिळतो. तळ्याचा हिशेब सोपा: आवक जास्त तर पाणी चढणार, सांडव्यावरून जास्त गेलं तर उतरणार. आणि ही आवक वर्षभर सारखी नसते, चार-सहा मोठे पाऊस तळं भरून जातात.

अंटार्क्टिकाची हिमचादरही अशीच चालते. तिथे दरवर्षी दोन हजार अब्ज टनांहून जास्त बर्फ पडतो. 360 अब्ज टन म्हणजे समुद्राची एक मिलिमीटर पातळी. तेव्हा ही आवक लहान नव्हे. सांडवा म्हणजे समुद्रात तुटून पडणारे हिमनग आणि किनाऱ्याशी खालून वितळणारा बर्फ.

ही आवक भारताने सोसली आहे. आपलं पहिलं केंद्र, दक्षिण गंगोत्री, 1983-84 मध्ये समुद्रावर तरंगणाऱ्या हिमतटावर उभं राहिलं. वर्षागणिक बर्फ साचत गेला, केंद्र गाडलं गेलं आणि 1990 मध्ये बंद करावं लागलं. पुढचं केंद्र, 'मैत्री', मात्र शहाणपणाने खडकावर बांधलं.

मैत्री ज्या क्वीन मॉड लँडमध्ये आहे, तिथेच 2009 आणि 2011 मध्ये मोजक्या वादळांनी सुमारे 350 अब्ज टनांची भर घातली. अशा वादळांबरोबर समशीतोष्ण समुद्रावरून वाफेचा लांबच लांब पट्टा सुटतो. त्याला 'वातावरणीय नदी' म्हणतात. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त वाफ मावते, म्हणून तापत्या जगात हिमपात वाढू शकतो.

पण ही नदी एका हाताने देते, दुसऱ्याने घेते. मार्च 2022 मधल्या अशाच नदीने पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावरचं तापमान सरासरीपेक्षा सुमारे 38 अंशांनी चढवलं, भरपूर बर्फ टाकला. त्याच दिवसांत किनाऱ्यावरचा आधीच खिळखिळा झालेला काँगर हिमतट कोसळला. असे तट तरंगते असल्याने त्यांच्या तुटण्याने समुद्र जवळजवळ चढत नाही, पण मागच्या हिमनद्यांना ते बांधासारखे अडवून धरतात.

2021 ते 2023 मध्ये उपग्रहांना अंटार्क्टिकाचा बर्फ चक्क वाढलेला दिसला. 2002 पासूनचा हिशेब मात्र तुटीचाच आहे: वर्षाला सरासरी सव्वाशे ते दीडशे अब्ज टन. तेव्हा 'बर्फ वाढला' अशी बातमी वाचाल, तेव्हा आधी बघा, हिशेब किती वर्षांचा मांडलाय.