भाकरी थापताना लेकरू बोलतं होतं

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावात आपली लेकरं दोन-तीन भाषांत वाढतात. घरात दखनी, गल्लीत आणि शाळेत मराठी, मकतबमध्ये उर्दू. अंगणवाडीत लेकरू गप्प बसलं की आपण घाबरतो आणि ठरवतो, आता घरातही मराठीच बोलायचं. इथंच आपण चुकतो. अम्मी ज्या भाषेत हसते, रागावते, गोष्ट सांगते, तीच तोडली तर लेकराशी होणारं बोलणंच आटतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर दिला आहे.

पण कामाच्या रगाड्यात बोलायला वेळ कुठला? वेगळा वेळ नकोच. भाकरी तर रोज करायची असते. लेकराला पिठाचा छोटा गोळा द्या. हातातलं काम तोंडाने सांगत जा: मळते, थापते, उलटते, शेकते, बघ फुगली! शब्द हाताला लागला की लवकर विसरत नाही. मग जोड्या लावा: प्याज म्हणजे कांदा, नमक म्हणजे मीठ. दखनीतला 'नक्को' तर मराठीतल्या 'नको'चाच भाऊ.

नुसतं "हे काय?" विचारू नका. "पाणी जास्त पडलं तर काय होईल?" असं विचारा आणि थांबा. उत्तर जुळवायला लेकराला वेळ लागतो. चुकलं तर टोकू नका, बरोबर वाक्य आपण सहज म्हणून दाखवा. रात्री अब्बांना त्यानंच सांगू द्या: आधी काय केलं, मग काय, शेवटी काय. पुढे धडा समजायला हाच क्रम उपयोगी पडतो. मुलगा असला तरी त्याला चुलीजवळून हाकलू नका. फक्त तवा, विळी आणि उकळतं पाणी यांपासून दूर बसवा.

दोन वर्षांचं लेकरू दोन शब्दही जोडत नसेल, तर "बोलेल हळूहळू" म्हणत बसू नका. आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांना दाखवा.

आपल्या बीड जिल्ह्यातली कितीतरी घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. तेव्हा अंगणवाडी मागे राहते, पण तीन दगडांची चूल कोपीपुढे मांडलेलीच असते. तिच्याजवळचं बोलणं तेवढं सुटू देऊ नका.