पोलिसांनी विचारले तर बोलावे की गप्प राहावे?

गावात चोरी होते. कुणाची गंजी पेटते. बांधावरून मारामारी होते. मग पोलीस येतात आणि चौकशी सुरू होते. "तुला काय ठाऊक आहे ते सांग," म्हणून चारचौघांना बोलावणे येते. अशा वेळी कुणी भीतीने तोंडच उघडत नाही. कुणी भीतीपायी नको ते बोलून बसतो. म्हणून बोलावे कुठे आणि थांबावे कुठे, हे आधीच समजून घेऊ या.

पाहिले ते सांगावे

आपले नाव आणि गाव खरे सांगावे. त्यात लपवण्यासारखे काही नसते.

समजा, चोरीच्या रात्री तुम्ही एक टेम्पो जाताना पाहिला. पोलिसांनी विचारले तर तसे सांगितले पाहिजे. "मला काय करायचंय?" असे सगळेच म्हणू लागले, तर चोर मोकळा राहील. उद्या तो आपल्याच घरी येईल. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा कायदा लागू आहे. त्याच्या कलम 180 प्रमाणे, गुन्ह्याबद्दल आपल्याला जे ठाऊक असेल ते खरे सांगणे आपल्यावर बंधनकारक आहे.

स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती नाही

पण त्याच कलमात एक सवलत आहे. ज्या उत्तराने आपण स्वतःच गुन्ह्यात गुंतू, ते उत्तर न देण्याची मुभा आहे. हा हक्क आपल्या राज्यघटनेनेही दिला आहे. कलम 20 सांगते, की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येणार नाही.

हा हक्क फक्त कोर्टात आहे की पोलीस ठाण्यातही आहे? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना 1977 साली चौकशीसाठी कटकला पोलीस ठाण्यात बोलावले. त्यांच्यापुढे प्रश्नांची लांबलचक यादी ठेवली. त्यांनी उत्तरे दिली नाहीत, म्हणून त्यांच्यावर खटला भरला. 1978 साली न्यायालयाने निकाल दिला, की हा हक्क पोलीस ठाण्यातही आहे. मात्र प्रत्येक प्रश्न टाळता येणार नाही. ज्या उत्तराने आपण गुंतू, तेवढेच टाळता येईल. आणि बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावले, हेही कायद्याला धरून नव्हते.

कर नाही त्याला डर कशाला?

असे आपण म्हणतो. पण निर्दोष माणूसही घाबरतो आणि घाबरून खोटे बोलतो. एका शेतकऱ्याचे उदाहरण घ्या. वीज रात्री येते, म्हणून तो पिकाला पाणी द्यायला गेला. त्याच रात्री शेजारच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. पोलिसांनी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मी घरीच झोपलो होतो." पण त्याला वाटेने जाताना एकाने पाहिले होते. आता त्याच्या खऱ्या बोलण्यावरही कोण विश्वास ठेवणार?

त्याच्यापुढे दोन चांगले रस्ते होते. एक, खरे सांगणे. दुसरा, नम्रपणे म्हणणे, "साहेब, या प्रश्नाचे उत्तर मी वकिलाला विचारून देतो." गप्प राहिला, एवढ्यावरून कुणाचा गुन्हा शाबीत होत नाही. गुन्हा शाबीत करणे हे सरकारचे काम आहे. खोटे बोलणे मात्र अंगाशी येते.

कबुली आणि सही

पोलिसांपुढे दिलेली गुन्ह्याची कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम 1872 सालच्या कायद्यात होता, आणि आजच्या नव्या कायद्यातही आहे. मारून, धमकावून कबुली घेऊ नये, म्हणून तो केला. पण आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्यापुरते त्याचे बोलणे पुराव्यात येते. न्यायाधीशापुढची कबुली मात्र चालते. न्यायाधीश आधी बजावतात, की कबुली देण्याचे बंधन नाही, आणि दिली तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाईल.

पोलीस तपासात जबाब लिहून घेतात. त्या जबाबावर सांगणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा नसतो. फिर्यादीचे तसे नाही. आपण दिलेल्या फिर्यादीवर आपली सही लागते. ती आधी आपल्याला वाचून दाखवली पाहिजे, आणि तिची नक्कल फुकट मिळते. आता तुम्हांला वाचता येते. कागद स्वतः वाचा, मगच सही करा. कोऱ्या कागदावर कधीही करू नका.

अटक झाली तर

अटक का केली, हे विचारण्याचा हक्क आहे. घरच्यांना कळवायला सांगावे. चौकशी चालू असताना आपल्या वकिलाला भेटता येते, मात्र तो सारा वेळ शेजारी बसू शकत नाही. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे केले पाहिजे. कुणी मारले असेल, तर ते तिथे न भिता सांगावे.

वकिलाला पैसे नाहीत? कोठडीतला माणूस, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे विचारा. किंवा 15100 या नंबरावर फोन करा.

ध्यानात ठेवा

1. नाव-गाव खरे सांगा.
2. पाहिले तेवढेच सांगा. ऐकीव गोष्ट पाहिली म्हणून सांगू नका.
3. स्वतः गुंतण्याची भीती असेल तिथे थांबा, वकील मागा.
4. खोटे बोलू नका.
5. स्त्रिया, 15 वर्षांखालील मुले, 60 वर्षांवरील पुरुष, अपंग आणि फार आजारी माणसे यांना साक्षीसाठी ठाण्यात येण्याची सक्ती नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी येऊन विचारायचे असते.