पिंगळीहून विद्यापीठात: पहिल्या सत्राची शिदोरी

पिंगळी हे परभणी–पूर्णा लोहमार्गावरचं, परभणीला लागूनचं स्टेशन. कृषी पदवीला जायचं तर विद्यापीठ हाकेच्या अंतरावर: परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, स्थापना १९७२.

नवागतांच्या स्वागतासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९मध्ये ‘दीक्षारंभ’ची मार्गदर्शिका काढली. कृषी पदवीच्या नव्या, सहाव्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमात तर सुरुवातीचे दोन आठवडे यासाठीच राखलेले आहेत. ते ‘नुसती भाषणं’ म्हणून बुडवू नयेत. ग्रंथालय, प्रक्षेत्र, वसतिगृह आणि मुख्य म्हणजे आपले प्राध्यापक यांची ओळख तिथेच होते.

खरी अडचण इंग्रजीची. शेतात रोज पाहिलेलं तण वर्गात लॅटिन नावाने भेटतं, नि दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं पोर गप्प बसतं. यावर साधा उपाय: प्रात्यक्षिक वहीत शास्त्रीय नावाशेजारी गावाकडचं नाव लिहावं. गाजरगवत ओळखीचं असतंच. पार्थेनियम मग आपसूक पाठ होतं. सत्र पद्धतीत परीक्षा लवकर येतात, तेव्हा शंका त्याच आठवड्यात विचारलेली बरी.

पैशाचंही पाहा. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या घरांतील पात्र मुलींना २०२४-२५पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. वसतिगृह खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजनेची चौकशी करावी.

रॅगिंगला राज्यात १९९९पासून कायद्याने बंदी, मदतक्रमांक १८००-१८०-५५२२.

आणि गावात रांगोळीने गावाचा नकाशा काढणारे कृषिदूत, कृषिकन्या दिसले, तर त्यांना गाठा. ते कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी असतात. कोणता विषय जड जातो ते नेमकं सांगतील.